इन्स्पेक्टरलाही बोंबीलच कसे आवडतात? : आपल्या आवडी कादंबरीत आणू पाहणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या कादंबरीचं बाड ताईने दोन दिवसांत वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "नायकाला सुके बोंबील आवडतात, ठीक. त्याच्या बायकोलाही आवडतात, चालेल. पण त्याला धरायला आलेल्या इन्स्पेक्टरलाही बोंबीलच कसे आवडतात रे?"

तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या कादंबरीतली पाच मुख्य माणसं लालबागच्या एकाच चाळीत कॅरम खेळायची, पाचही जणांना रेडिओवरची जुनी गाणी पाठ होती, आणि पाचही जण पावसाळ्यात लोकलच्या दारात उभे राहून तोंडावर पाणी घ्यायचे. पाच नावं घेऊन मीच हिंडत होतो. ते बाड अजून माळ्यावर आहे आणि तिथेच बरं आहे.

आता नव्याने कादंबरी लिहिणारे कधीमधी आपलं लेखन वाचायला देतात, तेव्हा तोच घोटाळा दिसतो. कुणाच्या यच्चयावत पात्रांना माटुंग्याची फिल्टर कॉफी लागते. कुणाच्या प्रत्येक प्रकरणात शिवडीच्या खाडीवरून रोहित पक्षी उडतात, भर जुलैतसुद्धा. म्हणून आवडीच्या गोष्टी गाळा असं मी म्हणणार नाही. ज्याचं वेड नाही अशा गोष्टीवर तीनशे पानं ओढणं फार जड जातं. तेव्हा आणा, पण कशा आणायच्या ते खाली सांगतो. ज्या क्रमाने मला ठेचा लागल्या त्याच क्रमाने.

पायरी १ : यादी करा, तक्रारींसकट

डोंबिवलीहून सीएसएमटीला धिम्या लोकलने तासाच्या वर जातो. बसायला मिळालं तर एवढा वेळ पुरतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आवडीच्या गोष्टी लिहा, पण मोघम नकोत. 'पाऊस', 'समुद्र', 'जुनी मुंबई' असं लिहिलंत तर पुढे काही हाती लागत नाही. 'ब्रून मस्का', 'चाळीतला कॅरम', 'फोर्टच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं', 'कांगा लीगच्या चिखलातल्या क्रिकेट मॅचेस' असं लिहा.

उजवीकडे त्या प्रत्येक गोष्टीविषयी तुमची तक्रार लिहा. एक नको, चार-पाच तरी.

माझ्या वहीत कॅरमपुढे असं आहे : पावसाळ्यात बोर्ड फुगतो, सोंगटी मध्येच अडते. बोरिक पावडर नखांत जाते आणि गडद पँटवर दिसते. बल्ब खाली टांगलेला, त्यामुळे वाकलं की कपाळ तापतं. जिन्याकडचा कोपरा जरा उतरता आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्या बाजूला बसण्यावरून रोज भांडण. क्वीन घेतली आणि कव्हर हुकलं की मागे उभा असलेला हमखास म्हणणार, "मी म्हटलं नव्हतं?" हा मागे उभा असलेला स्वतः कधीच खेळत नाही.

ब्रून मस्क्यापुढे : पाव टाळूला टोचतो, चहात बुडवावा तर मस्क्याचा तवंग येतो, आणि तो तवंग पाहून समोरचा नाक मुरडतो.

हे दोन रकाने का, ते सांगतो. डाव्या रकान्यातून कादंबरीत फक्त विशेषणं येतात : मंद, सुरेख, हवंहवंसं. उजव्या रकान्यातून प्रसंग येतात, कारण तक्रारीत माणसं असतात, वेळ असते, भांडण असतं. आणि एखाद्या गोष्टीपुढे तुम्हाला एकही तक्रार सुचली नाही, तर ती गोष्ट तुम्हाला फोटोंतूनच माहीत असावी. ती निमूटपणे खोडा. माझ्या यादीतून अशी शिवाजी पार्कची पहाट गेली. मी तिथे पहाटे आयुष्यात दोनदा गेलो असेन.

पायरी २ : एकच उचला

यावर फार बोलण्यासारखं नाही. यादीतली एक गोष्ट निवडा, फार तर दोन. बाकीच्या पुढच्या कादंबऱ्यांना ठेवा.

पायरी ३ : मालक बदला

सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

आपली आवड नायकाला देऊन टाकणं सोपं असतं, कारण नायक बहुतेक वेळा आपल्याच मापाचा शिवलेला असतो. मग तो आवडीने खातो, आवडीने खेळतो, आवडीने ऐकतो, आणि वाचकाला कुणाच्या तरी घरी लग्नाचे अल्बम बघत बसल्यासारखं होतं. ती गोष्ट दुसऱ्याच्या हाती द्या. असा दुसरा, ज्याचं त्या गोष्टीशी असलेलं नातं तुमच्यासारखं नाही.

गो. नी. दांडेकर सह्याद्रीतले गडकोट आयुष्यभर पायी हिंडले. राजमाची तर त्यांच्या खास जिव्हाळ्याची. पण त्या परिसरावरच्या 'माचीवरला बुधा'चा नायक पाठीवर सॅक टाकून गड बघायला येणारा भटका नाही. तो मुंबई सोडून माचीकडे परत गेलेला, एकटा राहणारा म्हातारा आहे. भटक्याला संध्याकाळी उतरून घरी जायचं असतं, बुधाला जायचं नसतं. माची तीच, पण मालक बदलल्याबरोबर तिचा पाऊस वेगळा होतो, तिथला एकटेपणा वेगळा होतो.

दुसरा मासला अगदी उलट्या टोकाचा. व्लादिमीर नाबोकोव्ह हे नुसते कादंबरीकार नव्हते, फुलपाखरांचे खरेखुरे अभ्यासक होते. १९४०च्या दशकात ते हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात छोट्या निळ्या फुलपाखरांवर काम करत होते. १९५५ साली आलेल्या 'लोलिता'त मात्र त्यांनी हे ज्ञान निवेदकाला दिलं नाही. तो संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारे करड्या रंगाचे हमिंगबर्ड पाहतो, आणि ते असतात हॉक मॉथ, म्हणजे पतंग. स्वतःला फार शहाणा समजणारा हा माणूस समोरचं धड ओळखतही नाही, हे लेखकाने आपल्याच आवडीच्या विषयातून दाखवलं. चूक दाखवायची तर बरोबर काय ते नेमकं माहीत लागतं, आणि आपल्याला नेमकं माहीत असतं ते आपल्या वेडाचंच.

तर मालक निवडताना तीन माणसं डोळ्यांपुढे आणा. एक, त्या गोष्टीवर ज्याचं पोट आहे : तुम्हाला बोंबील आवडतात, पण वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ते वाळत घालणारीला अवेळी आलेला पाऊस दिसतो. दोन, ज्याला ती गोष्ट नकोशी आहे. तीन, ज्याला ती समजतच नाही.

मी माझा कॅरम दोन नंबरला दिला. हे बळ ताईमुळे आलं. आमच्या लहानपणी बोर्ड आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच मांडायचे, आणि ती बारावीच्या अभ्यासाला बसली की पलीकडून टकटकाट सुरू व्हायचा. आजही कॅरमचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडते. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली सुनंदा ही नर्स आहे. सकाळची ड्यूटी असली की तिला लवकर झोपायचं असतं आणि भिंतीपलीकडे तिचा नवरा खेळत असतो. मी ज्या बाजूला बसायचो ती बाजू सोडली आणि भिंतीच्या अलीकडे येऊन बसलो. खेळ दिसेना, नुसता ऐकू यायला लागला. तिथून कादंबरी चालू झाली.

आवडती गोष्ट म्हणजे एखादी जागा असेल तर हेच जरा वेगळ्या पद्धतीने करायचं. जागेचं वर्णन करू नका, तिथे बसून बाहेर बघा. अरुण कोलटकर कवी, कादंबरीकार नव्हेत, पण शिकावं त्यांच्याकडून. दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागात 'वेसाइड इन' नावाचा कॅफे होता, तिथे ते वर्षानुवर्षं बसायचे. २००४ साली आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये मात्र भरून आहे तो समोरचा त्रिकोणी वाहतूक बेटाचा तुकडा : तिथली माणसं, कुत्री, कचरा, आणि रस्त्यावरच्यांना सकाळी इडल्या वाढणारी बाई. कॅफे म्हणजे त्यांची खुर्ची होती.

पायरी ४ : कामाला लावा

आवडती गोष्ट कादंबरीत आली की तिला पाहुण्यासारखी बसवून ठेवू नये. तिच्यामुळे काहीतरी घडलं पाहिजे, किंवा घडायचं राहिलं पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे. बाडातून ती गोष्ट पूर्ण काढून टाका. कॅरमच्या जागी पत्ते घाला, बोंबलाच्या जागी बटाटेवडा. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर ती गोष्ट तुमच्या हौसेसाठी आत आली आहे.

अगाथा ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिकेचं आणि मग औषधं तयार करून देण्याचं काम केलं. विषांशी ओळख झाली ती तिथे. १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतला खून नुसता 'विषाने' होत नाही. औषधाच्या बाटलीत दोन द्रव्यं एकत्र आली की तळाशी काय बसतं, यावर सगळा डाव उभा आहे. (ज्यांनी वाचली नसेल त्यांची माफी. खुनी कोण ते मी सांगितलेलं नाही.) ते रसायन काढलं तर कादंबरीच उरत नाही.

ओरहान पामुक यांनी तर आणखी पुढची मजल मारली. जुन्या वस्तू गोळा करत करत त्यांनी 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' लिहिली, ती २००८ साली आली, आणि २०१२ साली त्याच वस्तूंचं खरंखुरं संग्रहालय इस्तंबूलमध्ये उघडलं. कादंबरीची ८३ प्रकरणं, तशी तिथे कपाटं. एका भिंतीवर सिगारेटची ४,२१३ थोटकं टाचून लावलेली आहेत, नायिकेने ओढलेली आणि नायकाने जपून ठेवलेली. एक थोटूक म्हणजे कचरा. चार हजार थोटकं गोळा करणाऱ्या माणसाला काय झालंय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याला संग्रहालय बांधायचं नाही. पण यातून एक सवय घेण्यासारखी आहे : ज्या वस्तूवर लिहिताय ती टेबलावर ठेवा. मी फुटक्या कडेचा जुना स्ट्रायकर ठेवतो. तो बोटांत फिरवताना आठवलं की आमच्यात एक जण नेम धरायला फार वेळ लावायचा, आणि सगळे वैतागायचे. तो थांबा पुढे माझ्या कामी आला.

कसा, ते सांगतो. सुनंदाला पडल्यापडल्या आवाजावरून कळतं कोण खेळतंय. एका रात्री नवरा "खेळायला जातो" म्हणून गेलाय, पलीकडे बोर्ड चालू आहे, पण तो लांबलेला थांबा काही येत नाही. ती उठून बसते. माझ्या कॅरमचं कादंबरीतलं काम एवढंच. पत्त्यांना हे जमलं नसतं, पत्ते भिंतीतून ऐकू येत नाहीत.

पायरी ५ : कात्री

आवडीच्या गोष्टीवर लिहायला बसलं की हात आवरत नाही. पहिल्या खर्ड्यात आवरूही नका. नंतर कापा. माळ्यावरच्या बाडातलं हे माझंच लेखन, लाज गुंडाळून देतो :

'गॅलरीतल्या मंद पिवळ्या दिव्याखाली कॅरमचा गुळगुळीत बोर्ड आरशासारखा चमकत होता. पांढऱ्याशुभ्र सोंगट्या, काळ्याभोर सोंगट्या आणि मधोमध लाजरी लाल क्वीन. जणू आयुष्याचाच पट मांडला होता.'

कुठल्याही जाहिरातीत खपेल. 'आयुष्याचाच पट' लिहिताना मला फार ग्रेट वाटलं होतं, हेही कबूल करतो. आता दुसऱ्या कादंबरीतलं :

'टक्. हा शशी, जोर फार, नेम नाही. टक् टक्, डबल. हा बाबल्या. मग काहीच नाही. सुनंदा उशी कानावर ओढायची थांबली. स्ट्रायकर एवढा वेळ धरून बसणारा चाळीत एकच होता, आणि त्याला उद्या सहा वाजता उठवायचं काम तिचं होतं.'

यातही कॅरमची माहिती आहेच, पण ती सुनंदाच्या कामापुरती. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, क्वीन घेतली तर कव्हर लागतं, हे सगळं माझ्या पहिल्या खर्ड्यात दीड पान होतं. ते गेलं. माहीत नसलेल्या वाचकाचं त्यावाचून अडलं नाही, आणि कॅरम खेळणाऱ्याला ते वाचायचंच नव्हतं.

एक उपाय : रंगीत पेनाने तुमच्या आवडत्या गोष्टीची प्रत्येक ओळ अधोरेखित करा. सलग पाच-सहा ओळी रंगल्या आणि त्यात कुणी काही केलं नाही, बोललं नाही, बिघडवलं नाही, तर तिथे कात्री चालवा. जीव तुटतो. कापलेलं वेगळ्या फाइलीत ठेवा, म्हणजे कमी तुटतो.

पायरी ६ : साल तपासा

आवडीच्या गोष्टींबद्दल आपण बेसावध असतो. वाटतं, यातलं आपल्याला सगळं माहीत आहे. आणि मुंबईसारख्या शहरात इथेच फसगत होते, कारण आपल्या मनातलं शहर चार वेगवेगळ्या दशकांतून जमवलेलं असतं.

काळा घोड्याचंच घ्या. ज्यावरून त्या भागाला नाव पडलं तो घोडेस्वाराचा मूळचा पुतळा १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. नवा, स्वाराविना घोडा आला २०१७ साली. म्हणजे मधली पन्नासहून जास्त वर्षं काळा घोड्याला घोडाच नव्हता, आणि तुमच्या १९८०च्या प्रेमिकांना त्याच्या पायथ्याशी भेटता येणार नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, तेव्हा १९७०च्या नायकाला बसनेच पाठवा. 'ऱ्हिदम हाउस' हे गाण्यांच्या सीडींचं दुकान २०१६ साली बंद झालं, तिथे २०१९ची नायिका सीडी चाळू शकत नाही. जुनी डिझेलची डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. लालबागच्या गिरणी कामगाराचं पात्र असेल, तर १८ जानेवारी १९८२ ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या दिवशी संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्या घरात पगाराच्या दिवसाचा प्रसंग तुम्हाला सहजासहजी लिहिता येणार नाही.

रेडिओवाल्यांसाठी वेगळी सूचना. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ला. त्याआधीची काही वर्षं आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीतांना दार बंद केलं होतं आणि लोक सुया फिरवून रेडिओ सिलोन लावायचे. १९५५ सालच्या नायिकेला विविध भारतीवर गाणं ऐकवलंत तर आजोबांच्या वयाचे वाचक पत्र लिहितात. चूक सुधारलीत, तर मात्र सुई फिरवून दूरचं स्टेशन पकडण्याचा प्रसंग फुकटात मिळतो. खरखर, मधेच जाणारा आवाज, "हात लावू नकोस, लागलंय" म्हणून ओरडणारे वडील.

स्टेशनांच्या नावांत फार अडकू नका. व्हीटीचं सीएसटी झालं १९९६ साली, सीएसएमटी २०१७ साली, पण पात्र साठीचं असेल तर ते आजही 'व्हीटी'च म्हणेल. निवेदनात त्या काळचं नाव, संवादात त्या माणसाचं.

पायरी ७ : गाणी, नावं आणि कायदा

आवडतं गाणं म्हटलं की हात शिवशिवतात आणि आपण आख्खं कडवं उतरवतो. सांभाळा. आपल्याकडे गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं शब्दांवर हक्क असतो, तो मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांची गीतं २०३७ संपेपर्यंत हक्कात आहेत. ओळी छापायच्या तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. गाण्याचा नुसता उल्लेख करायला अडचण नसते. खरं तर ओळी न देणंच कथेला बरं पडतं. पात्र गाणं चुकीच्या शब्दांत म्हणतं आणि घरातलं कुणीतरी दरवेळी दुरुस्त करतं, यात त्या दोघांबद्दल जास्त कळतं.

हॉटेलं, दुकानं, दवाखाने खऱ्या नावाने आले तरी चालतं, जोवर तिथे लोक चहा पीत बसलेत. तिथे झुरळ निघणार असेल किंवा गल्ल्यावरचा माणूस लबाड असेल, तर नाव बनवा आणि गल्लीही बदला.

पायरी ८ : ज्याला आवड नाही त्याला वाचायला द्या

कॅरमवरची कादंबरी कॅरमच्या मित्रांना वाचायला दिलीत तर ते खूश होतील, तुम्हाला चहा पाजतील आणि कुठला शॉट कसा मारायचा यावर तासभर बोलतील. कादंबरीबद्दल काही कळणार नाही. मी हे करून बसलोय. त्या विषयाचा कंटाळा असलेला, पण तोंडावर बोलणारा एक माणूस शोधा. पहिली वीसच पानं द्या, आणि वाचताना समोर बसू नका.

मी अर्थातच ताईकडे गेलो. पानं तिच्या हातात दिली आणि खाली पान खायला उतरलो. वर आलो तर ती चष्मा डोक्यावर ढकलून बसलेली.

"ते डबल-बिबल मला कळलं नाही, कळून घ्यायचंही नाही," ती म्हणाली. "पण तो त्या रात्री होता कुठे?"

ते तेव्हा मीही ठरवलेलं नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं नाही, त्यामुळे ठाण्यापर्यंत दांडी धरून तेवढाच विचार करत उभा राहिलो.